निनावी पत्रातून 'तुमचं गुपित फोडीन' अशी धमकी आली तर काय करावं?

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्याचे जनरल मॅनेजर असलेल्या काकांना निनावी पत्र आलंय, 'दहा लाख द्या, नाहीतर तुमचं जुनं प्रकरण मालकाला सांगतो', आणि काकू म्हणतात देऊन टाका. असं तुम्ही लिहिलंय. देऊ नका, बाप्पा! एकदा दिले की पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र.

आधी ते पत्र घरभर फिरवणं थांबवा. कागदावर बोटांचे ठसे टिकतात. निनहायड्रिन नावाचं रसायन लावलं की ते जांभळे उमटतात. म्हणून कडेला धरून साध्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये नको, दमट होतं. मूळ लिफाफा तर जपाच, कारण शिक्क्यावरून टपाल कार्यालय आणि तारीख कळते. फोटो काढून ठेवा. तपासणीसाठी नागपुरातच प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, पण तिथे पत्र पोलिसच पाठवतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) लागू आहे. खंडणी कलम ३०८ मध्ये येते. पैसे अजून दिले नसले तरी खंडणीसाठी भीती घालणं हाच त्यात गुन्हा आहे. कलम ३५१(४) खास निनावी धमकीसाठी; मूळ शिक्षेशिवाय आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. पोलिसांत तक्रार देताना हद्द शहराची की ग्रामीणची, यात अडकू नका, झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवायची फिर्याद) कुठल्याही ठाण्यात होतो.

राहिलं ते गुपित. खरं असेल तर काकांनी ते आधी वकिलाला सांगावं, आणि जमलं तर मालकालाही स्वतःच. माझ्या मते पत्रवाल्याचं अर्धं बळ तिथेच जातं. आणि हो, ऑफिसातल्या कुणावर उगाच आळ घेऊ नका.