लहान उपएकक म्हणजे दुय्यम उपएकक नव्हे

प्रश्न असा आहे: बटाट्यातल्या स्टार्चविषयी लिहिताना ‘सबयुनिट’ला उपघटक म्हणावे की उपएकक? आणि ‘स्मॉल सबयुनिट’ला ‘दुय्यम उपएकक’ म्हटले तर चालेल का?

उपएकक म्हणावे. दुय्यम मात्र अजिबात नको.

‘घटक’ हा शब्द इथे फार सैल पडतो. एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज, थोडक्यात एजीपीएज, हे विकर (एन्झाइम) ग्लुकोज-१-फॉस्फेट आणि एटीपी यांच्यापासून एडीपी-ग्लुकोज बनवते. त्यातले ग्लुकोज पुढे स्टार्चच्या साखळीला जोडले जाते. या कामाला मॅग्नेशियमही लागते, मग तेही घटकच ठरेल. सबयुनिट म्हणजे वेगळी तयार होऊन इतरांशी जुळणारी एक अख्खी प्रथिनसाखळी. म्हणून ‘तुकडा’ही नको, इथे काही मोडलेले नाही. संधी करून ‘उपैकक’ होईल, व्याकरणाला धरूनही होईल, पण त्यात ‘एकक’ डोळ्यांना सापडत नाही. संधी न केलेलीच बरी.

गोंधळ होतो तो ‘उप’मुळे. उपसरपंच सरपंचाच्या खालचा असतो, तसे इथे कोणी वर बसलेले नाही. हे ‘उप’ उपविभागातले आहे. वनस्पतींतले एजीपीएज चार उपएककांचे असते, दोन लहान आणि दोन मोठी. त्याला ‘विषम चतुष्टय’ म्हणता येईल. ई. कोलाय जिवाणूत चारही सारखी असतात, ते ‘सम चतुष्टय’.

लहान-मोठे हे फक्त वजनावरून. बटाट्यात तर लहान सुमारे ५० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) आणि मोठे ५१! आणि उत्प्रेरणाचा मुख्य भार लहानावरच आहे. बटाट्याची नुसती लहान उपएकके एकत्र आली तरी विकर चालते, पण ३-फॉस्फोग्लिसरेट या उत्तेजकाला दाद देण्याची त्याची क्षमता घटते. दोन्ही प्रकार असताना निम्म्या उत्तेजनाला या उत्तेजकाची सुमारे ०.१६ मिलिमोलर संहती पुरते, नुसत्या लहानांना २.४ लागते. मोठ्याचे काम मुख्यतः नियमनाचे, म्हणजे ‘दुय्यम’ लिहिले की अर्थ चक्क उलटा होतो.

दोघांचीही गरज किती, ते मक्यात दिसते. तिथे दाण्यातल्या मोठ्या उपएककाचे जनुक श्रंकन-२ आणि लहानाचे ब्रिटल-२. यांतले कोणतेही एक बिघडले की स्टार्च फार कमी बनतो आणि साखर दाण्यातच राहते. श्रंकन-२ वरच्या सुपरस्वीट मक्याचे पेरायचे बी हातावर घेऊन पाहा: चपटे, हलके, सुरकुतलेले. ओला असताना गोड लागणारा दाणा वाळल्यावर असा बसतो, कारण आत भरायला पुरेसा स्टार्चच नसतो.

जेलच्या, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थराच्या, चित्राखाली मजकूर लिहिताना एक काळजी घ्यावी. बटाट्याच्या दोन लहान उपएककांमध्ये गंधकाचा पूल असतो, प्रत्येकाच्या १२ व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला धरून. नमुन्यात डीटीटीसारखे क्षपणक (असा पूल तोडणारे रसायन) घातले नाही, तर हा पूल तुटत नाही आणि १०० किलोडाल्टनच्या आसपास पट्टा दिसतो. त्याला ‘तिसरे उपएकक’ लिहू नये. ती लहान उपएककांची जोडी आहे. तिथे ‘द्विक’ लिहावे.