एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीनंतर एलएलबी केलं तर विज्ञान वाया जाईल का?

तुम्ही फोंड्याचे, गोवा विद्यापीठात एमएस्सी संपत आलंय, प्रयोगशाळेत मन रमत नाही, आणि एलएलबीचं नाव काढलं की घरचे म्हणतात, "मग एवढं शिकलास कशाला?" असा तुमचा प्रश्न.

मी सूक्ष्मजीवशास्त्रातून पेटंटच्या कामात आले. माझं मत विचाराल तर एलएलबीचा फॉर्म भरण्याआधी पेटंट एजंटची परीक्षा द्या. तिला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञानाची चालते. दोन लेखी पेपर आणि तोंडी; प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के, एकूण ६०. दरवर्षी होईलच असं मात्र धरून चालू नका. पास झालात की अर्ज लिहिणं, दाखल करणं, कंट्रोलरसमोर (अर्जावर निर्णय देणारा पेटंट कार्यालयाचा अधिकारी) बाजू मांडणं, सगळं करता येतं. कोर्टात उभं राहायला मात्र एलएलबीनंतर मिळणारी वकिलीची सनदच हवी.

आता विज्ञान कुठे लागतं ते सांगते. समजा, एखाद्या संशोधकाने आगरवाड्याच्या मिठागरातून खारात तगणारा जिवाणू वेगळा केला आणि त्याचं एन्झाइम डिटर्जंटला उपयोगी निघालं. तो म्हणणार, जिवाणूचं पेटंट घ्या. निसर्गात होता तसाच सापडलेला जीव पेटंट कायद्याच्या कलम ३(सी)मध्ये अडकतो. पण बदल घडवलेला जिवाणू किंवा एन्झाइम मिळवायची नवी पद्धत, यावर दावा (म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणारं अर्जातलं वाक्य) बसू शकतो. नेमकं नवीन काय घडलं हे त्याच्या वहीतून शोधून काढायचं काम तुमचं. नुसत्या वर्णनाने भागत नसेल तर नमुना पुण्याच्या किंवा चंडीगढच्या मान्यताप्राप्त संग्रहात ठेवायचा. जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार वेगळाच. आणि या साहेबांनी पेपर आधीच छापून टाकला असेल (बहुतेकांना घाई असतेच), तर नावीन्य तिथेच धोक्यात.

हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झालं ते सीएसआयआरने (केंद्राची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) जुने छापील पुरावे पुढे ठेवल्यामुळे. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख आपल्या माशेलचे डॉ. माशेलकर. म्हणून सांगते, पिपेट हातात धरायचा कंटाळा असला तरी चालेल, पेपर वाचायचा कंटाळा असेल तर इकडे येऊ नका.

एलएलबी तीन वर्षांचं. मिरामारला साळगावकर, मडगावला कारे कॉलेज. हजेरी सक्तीची, त्यामुळे पूर्णवेळ नोकरी सांभाळून जमेल असं समजू नका. शिवाय सनद घेऊन वकिली आणि कंपनीतली पगारी नोकरी एकाच वेळी चालत नाही, नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते.

वेर्ण्याला औषधांचे कारखाने आहेत, पण पेटंटचं काम सहसा मुख्यालयात चालतं. गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज ऑनलाइन, सुनावण्याही व्हिडिओवर, म्हणजे पुढे फोंड्यात बसूनही हे करता येईल. सुरुवातीची वर्षं मात्र मुंबई, पुणे नाहीतर बंगळूरला, तुमचा मसुदा लाल करून परत देणारं कोणीतरी असेल अशा ठिकाणी काढा.

तोवर एक करा. पेटंट कार्यालयाच्या साइटवर तुमच्या प्रबंधाच्या विषयातलं एखादं मंजूर पेटंट फुकट वाचायला मिळेल. शेवटचे दावे झाकून बाकीचं वाचा, दावे स्वतः लिहा, मग ताडून बघा. दोन-तीन पेटंटं अशी करून जीव विटला, तर एलएलबीची फी तरी वाचेल.