लेक ट्रॅव्हिसवर घरच्यांसोबत फिरायला बोराइडर घ्यावी की पाँटून?

तुम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहता, घरात पाच आणि नऊ वर्षांची मुलं आहेत, उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात आणि आईंचे गुडघे दुखतात. समोर दोन वापरलेल्या बोटी आहेत: १९ फुटी स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत मागे) बोराइडर, म्हणजे पुढच्या टोकातही बसायला जागा असलेली स्पीडबोट, आणि ११५ हॉर्सपॉवर आउटबोर्डची (मागे बाहेर लावलेल्या इंजिनाची) २२ फुटी पाँटून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट डेकची बोट. माझं मत विचाराल तर बेलाशक पाँटून घ्या.

बोराइडर देखणी असते आणि लाटा छान कापते, यात वाद नाही. पण धक्क्यावरून तिच्यात उतरायचं म्हणजे आधी काठावर पाय, मग सीटवर, मग खाली, आणि तेवढ्यात बोट एका अंगाला कलते. आई एकदा घाबरल्या की पुन्हा यायचं नाव काढणार नाहीत. पाँटूनचं दार उघडलं की उंबरा ओलांडावा तसं आत यायचं. वर छत, समोरासमोर बाकं, मधे डबे उघडायला जागा. टेक्सासच्या उन्हात ती सावली फार मोलाची.

इंजिनाचंही बघा. बहुतेक स्टर्नड्राइव्ह तळ्याचंच पाणी आत घेऊन थंड होतात. ते पाणी आत राहून गोठलं तर ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागाला, तडा जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे केवढी थंडी पडली होती! बोराइडरच घ्यायची ठरली, तर आधी मेकॅनिककडून ब्लॉक तपासून घ्या. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं.

पाँटूनमध्ये एका गोष्टीची मला खरंच धास्ती वाटते. चालत्या बोटीत मुलं पुढच्या दाराबाहेर पाय सोडून बसतात. तिथून घसरलेलं मूल दोन नळ्यांच्या मधून थेट मागच्या इंजिनाच्या पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जातं. बोट चालू असताना दार बंद आणि सगळे कठड्याच्या आत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. २६ फुटांखालच्या चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट इथे कायद्यानेच सक्तीचं आहे.

शनिवारी-रविवारी दुपारी मोठ्या बोटींच्या लाटांनी तळं खवळलेलं असतं. तुम्ही सकाळीच जा. मोठी लाट समोर आली तर वेग एकदम तोडू नका, नाक खाली जाऊन पाणी डेकवर येतं. आधीच हळू व्हा आणि लाट थोडी तिरकी घ्या.

पैसे देण्याआधी बोट पाण्याबाहेर काढायला लावा. नळ्यांना पोचे किंवा जोडांना चिरा आहेत का, आत पाणी साचलंय का ते बघा आणि गालिच्यावरून अनवाणी चाला. फळी कुठे दबत असेल तर खालचं प्लायवूड कुजलंय.