यूपीएस लाइट जाताच बंद पडतो : दुरुस्त करावा की नवाच घ्यावा?

नवा घेऊ नका, निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही लिहिलंय की इंदूरला आई-बाबांकडचा ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा, एरवी नीट चालतो, लाइट गेली की मात्र कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद पडतो. घेऊन तीन वर्षं झालीत आणि दुकानदार म्हणतो सर्किट उडालंय. असेलही उडालं, पण ही लक्षणं आधी बॅटरीची आहेत. मीही इंदूरचाच, ओळखीच्यांचे यूपीएस दुरुस्त करून देतो. धडधाकट यूपीएस नुसत्या बॅटरीपायी भंगारात गेलेला पाहिला की फार वाईट वाटतं.

आधी खात्री करून घ्या. कॉम्प्युटरची पिन काढून यूपीएसला जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब लावा. एलईडी नको, त्याचा भारच पडत नाही. मग भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब लगेच विझला, किंवा यूपीएस टीं-टीं करत एक-दोन मिनिटांत झोपला, तर बहुतेक बॅटरीच गेली. उलट बल्ब दहा-पंधरा मिनिटं आरामात जळला, तर यूपीएस ठीक आहे, त्याच्यावर भार जास्त होतोय. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक यूपीएसमध्ये साधारण ३६० वॉट. त्यात ग्राफिक्स कार्ड आलं किंवा कोणी लेझर प्रिंटर जोडून ठेवला, की संपलं.

बॅटरी काढताना पिन उपटा, यूपीएसचं बटणही बंद करा आणि हातातली अंगठी काढून ठेवा. आधी काळी वायर, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी; बारीकशी ठिणगी उडाली तर घाबरू नका. सर्किटला हात लावायचा नाही. बॅटरी फुगून खोबणीत अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, आत ॲसिड असतं. व्होल्टेज मोजायचा मीटर असेल तर काढलेल्या बॅटरीला कारच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब लावून तिचं व्होल्टेज मोजा. संपलेली बॅटरी नुसती मोजली तर १२.५ दाखवून फसवते, बल्ब लावला की धाडकन १० च्या खाली येते.

तीन वर्षं म्हणजे तिने नोकरी चोख केली म्हणायची. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगतात, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात यूपीएस टेबलाच्या बंद कप्प्यात! नवी बॅटरी टाकल्यावर त्याला भिंतीपासून वीतभर लांब, मोकळ्यावर ठेवा.

नवी बॅटरी घ्यायला इंदूरच्या महाराणी रोडच्या बाजारात जाताना जुनी बॅटरी सोबत न्या. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) असते, पण टर्मिनलची, म्हणजे वायर जोडायची, पट्टी कधी ४.७५ मिमी, कधी ६.३५ मिमी, नमुना हातात असला की चूक होत नाही. वजन दोन किलोच्या आसपास हवं, हाताला हलकी लागली तर सोडून द्या. बनवल्याची तारीख बघा. सहा महिन्यांहून जास्त दुकानात पडून राहिलेली घेऊ नका, चार्जिंगविना ती आतून खराब होत जाते. जुनी तिथेच परत द्या, आत शिसं असल्याने दुकानदार तिचे पैसे वळते करतो. फोडून ॲसिड गटारात ओतणाऱ्याला मात्र देऊ नका.

जुनी जास्तच फुगलेली निघाली, तर नवी टाकण्याआधी जाणकाराकडून चार्जिंगचं व्होल्टेज तपासून घ्या. ते १३.५ ते १३.८ व्होल्ट असावं. १५ च्या घरात गेलं तर दोष चार्जरचा, आणि तो नव्या बॅटरीचीही तीच गत करेल. तो दुरुस्त होत नसेल किंवा सर्किटला जळका वास येत असेल, तर मग खुशाल नवा यूपीएस घ्या.