वाचकांचे प्रश्न : एकोणतीस विरुद्ध चार

प्रश्न : 1950 साली अमेरिकेतील बॉस्टनच्या बेसबॉल संघाने 29-4 अशा फरकाने सामना जिंकल्याचे वाचनात आले. एवढ्या धावा झाल्यावरही फलंदाजी सुरूच का ठेवली? क्रिकेटप्रमाणे डाव घोषित करण्याची सोय बेसबॉलमध्ये नाही काय? आणि हा विक्रम अद्याप अबाधित आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपण वाचलेला सामना 8 जून 1950 रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बॉस्टनचा रेड सॉक्स आणि पाहुणा सेंट लुईस ब्राउन्स या संघांत झाला. आदल्याच दिवशी याच मैदानावर रेड सॉक्सने ब्राउन्सला 20-4 असे हरवले होते. म्हणजे दोन दिवसांत एकाच पाहुण्या संघाविरुद्ध 49 धावा झाल्या.

डाव घोषित करण्याची सोय बेसबॉलमध्ये नाही, आणि तिची गरजही नाही. क्रिकेटचा कर्णधार डाव सोडतो तो प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यासाठी वेळ हाती राहावा म्हणून. बेसबॉलमध्ये मात्र सामन्याला वेळेची मर्यादा नसते, तीन गडी बाद झाले की फलंदाजीची पाळी (इनिंग) संपते आणि अशा नऊ पाळ्या दोन्ही संघांना मिळतात. शिवाय बाद झालेला खेळाडू क्रमाप्रमाणे पुन्हा फलंदाजीला येतो. त्यामुळे गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, तीन गडी बाद करता येत नसतील तर त्याची सुटका कोणीच करू शकत नाही, समोरचा कर्णधारही नाही.

ब्राउन्सचे नेमके हेच झाले. पहिल्या इनिंगमध्ये रेड सॉक्सची पाटी कोरी राहिली. पण दुसऱ्या इनिंगमध्ये 8, तिसरीत 5 आणि चौथीत 7 धावा निघाल्या. बॉबी डोअरने 3, वॉल्ट ड्रोपोने 2 आणि टेड विल्यम्सने 2 होम रन (एका फटक्यात चारही बेस, म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे टप्पे, गाठून देणारे फटके) मारले, आणि या तिघांच्याच फलंदाजीवर 29 पैकी 20 धावा झाल्या. अल झरिलाचे 4 दुहेरी फटके (दोन बेस गाठून देणारे) आणि जॉनी पेस्कीचे 5 हिट (बेस गाठून देणारे यशस्वी फटके) एरवी वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेले असते. सलामीचा क्लाइड व्होल्मर तर आठ इनिंगमध्ये आठ वेळा फलंदाजीला आला. खरी गंमत चक स्टॉब्सची. हा रेड सॉक्सचा पिचर. पिचरकडून त्या काळीही कोणी फलंदाजीची अपेक्षा करीत नसे, तरी ब्राउन्सच्या पिचरांनी त्याला चार वेळा चार-चार चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकून पहिला बेस फुकट बहाल केला. ब्राउन्सची अवस्था सांगायला मला 29 या आकड्यापेक्षा हा तपशील अधिक बोलका वाटतो. (त्या हंगामासाठी या संघाने खेळाडूंचे मनोबल वाढवण्याकरिता संमोहनतज्ज्ञ डेव्हिड ट्रेसी यांना नेमले होते, हेही जाता जाता सांगायला हवे.)

यजमान संघ नंतर फलंदाजी करतो आणि तो आघाडीवर असेल तर त्याला नववी पाळी घ्यावीच लागत नाही. त्यामुळे डाव घोषित करण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट इथे आपोआप घडली, आणि 29 धावा आठच इनिंगमध्ये झाल्या.

विक्रमाबद्दल सांगायचे तर 1897 साली शिकागोने लुईव्हिलविरुद्ध केलेल्या 36 धावा आजही सर्वाधिक आहेत. 1900 नंतरच्या काळात मात्र रेड सॉक्सचा आकडा पुष्कळ वर्षे टिकला. 1955 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने कॅन्सस सिटीविरुद्ध 29-6 असा विजय मिळवून त्याची बरोबरी केली, आणि 22 ऑगस्ट 2007 रोजी टेक्सास रेंजर्सने बाल्टिमोर ओरिओल्सला 30-3 असे हरवून तो मोडला. तोही तीन इनिंगनंतर 0-3 असे पिछाडीवर असताना. हे ओरिओल्स म्हणजे दुसरे कोणी नव्हेत. सेंट लुईसचा ब्राउन्स संघ 1954 साली बाल्टिमोरला हलवण्यात आला आणि तेव्हापासून तो ओरिओल्स या नावाने खेळतो.