सोनं तारण ठेवून मोठा कॅमेरा घ्यावा का?

वेंगुर्ल्याहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक बी.ए. झाली. दोन सीझन कुडाळच्या एका वेडिंग फोटोग्राफरकडे असिस्टंट होती, जत्रांमध्ये हौसेने दशावताराचे फोटो काढते. आता तिला स्वतःचा शंभर मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा हवाय, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप (सेन्सर) नेहमीपेक्षा मोठी असलेला. जाहिरातवाले तोच वापरतात, तर सुरुवातच त्यावर करते, असं तिचं म्हणणं. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दोन लेन्सचं कोटेशन साडेआठ लाखांचं. होमस्टेच्या उत्पन्नात ते बसत नाही, म्हणून आई सोनं तारण ठेवायला तयार आहे.

ताई, नमस्कार.

सोनं आत्ता कपाटातच राहू द्या. पण पोरीच्या डोक्यात खूळ शिरलंय असंही समजू नका, तिने पाहिलंय ते खरं आहे. व्यावसायिक फोटोग्राफर सर्रास वापरतात त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. फुजीच्या जीएफएक्स आणि हॅसलब्लॅडच्या एक्स या मीडियम फॉरमॅट मालिकांत तो साधारण ४४ बाय ३३ चा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे १.७ पट. सावलीतला तपशील जास्त टिकतो, त्वचेच्या आणि कापडाच्या छटा हळुवार उतरतात, फोटो निम्मा कापला तरी छापण्याजोगा उरतो. दागिने, साड्या, चित्रांच्या प्रतिकृती, भिंतभर प्रिंट अशा कामांत त्याला तोड नाही.

तिच्या हातात आज यातलं काम किती आहे? पत्रावरून दिसतात ती लग्नं आणि दशावतार, आणि दोन्हीकडे हा कॅमेरा अडतो.

आधी दशावतार. रात्रीची वेळ, देवळासमोर एलईडीचा उजेड, राक्षस झालेला संकासूर उड्या मारतोय. इथे मोठा सेन्सर कामी येईल असं वाटतं, पण त्याचा फायदा फार तर पाऊण स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). या कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्स एफ/२.८ किंवा एफ/४ च्या आहेत (एफपुढचा आकडा लहान तितका उजेड जास्त), एफ/१.७, एफ/२ च्या मोजक्याच, आणि महाग. फुल फ्रेमला एफ/१.८ ची साधी ८५ एमएम लावली, तर एफ/२.८ पेक्षा सव्वा स्टॉप उजेड जास्त मिळतो. मोठ्या सेन्सरची कमाई तिथेच संपली. नव्या मॉडेलांत फोकस पुष्कळ सुधारलाय, तरी पळत्या माणसामागे तो चांगल्या फुल फ्रेमइतका चपळ नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावावं, तर एवढा सेन्सर ओळीओळीने वाचून होईपर्यंत फिरवलेली तलवार वाकडी येते आणि एलईडीखाली फोटोवर पट्टे उमटतात.

लग्नात आधी फाइलींचा प्रश्न. १०२ मेगापिक्सेलची १६ बिट रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल कॉम्प्रेस केली नाही तर दोनशे एमबीच्या घरात जाते. तीन हजार फोटो म्हणजे सहाशे जीबी, बॅकअपची प्रत धरून बाराशे. त्यासाठी लॅपटॉपही नवा लागेल, आणि तो तुमच्या कोटेशनमध्ये नाही. एवढं करून गिऱ्हाईक ते फोटो व्हॉट्सअॅपवर बघणार! छपाईचंही गणित घालून बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंच छापता येतो. लग्नाचा अल्बम असो की देवगड हापूसच्या पेटीवरचं चित्र, त्याहून मोठं क्वचितच लागतं.

किनाऱ्यावरचे प्री-वेडिंग भरदुपारी करायचे झाले तर जीएफएक्सचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा कमाल वेग, १/१२५ सेकंदावर थांबतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला त्या उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१४-१६ पर्यंत बारीक करावं लागतं आणि मागचं सगळं स्पष्ट येतं, मग जिच्यासाठी एवढा खर्च केला ती धूसर पार्श्वभूमी कुठली? उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून मार्ग निघतो. हॅसलब्लॅडचं शटर लेन्समध्येच असल्याने तो १/२००० ला आणि काही लेन्सवर त्याहून वेगातही फ्लॅश पकडतो, पण त्याच्यावर दशावतार आणखी अवघड.

आणि लग्नाला दोन बॉडी लागतातच. सप्तपदी चालू असताना एकुलता कॅमेरा बंद पडला तर भटजींना थांबा म्हणायची सोय नाही. त्यात आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. लेन्सला बुरशी धरली किंवा शटर गेलं तर कॅमेरा मुंबईला पाठवून वाट बघत बसायचं आणि हप्ते भरत राहायचे. विकायचा म्हटलं तरी घेणारे थोडे.

माझा सल्ला असा. फुल फ्रेमच्या दोन जुन्या पण बिलासकट मिळणाऱ्या बॉडी, ३५ आणि ८५ एमएम लेन्स, दोन फ्लॅश आणि एक ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या. शेवटच्या वस्तूवर काटकसर नको. आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली म्हणजे झालं. कोटेशनच्या निम्म्याहून कमी पैशांत हे बसायला हवं.

मीडियम फॉरमॅट तिला शिकायचाच असेल तर विकत न घेताही शिकता येतो. मुंबईत तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. त्याहून बरं म्हणजे वर्षभर तिथल्या एखाद्या जाहिरात स्टुडिओत असिस्टंट म्हणून राहणं. मोठ्या शूटवर कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून फाइल, रंग आणि बॅकअप सांभाळणारा माणूस वेगळा असतो. त्याला डिजिटल टेक म्हणतात. फोटोग्राफरचं नाव होतं, याचं होत नाही, पण तो कॅमेरा दिवसभर याच्याच डोळ्यांसमोर असतो. शिक्षणच हवं असेल तर गांधीनगरला एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) आहे. पदवी झालीच आहे, तिथे पोर्टफोलिओ बघतात.

त्या पोर्टफोलिओसाठी घराजवळचंच काम निवडायला सांगा. सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते, पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कुडोपीची कातळशिल्पं (खडकात कोरलेल्या आकृती). कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. या वस्तू हलत नाहीत, त्यामुळे ट्रायपॉडवर तुकड्यातुकड्याने फोटो घेऊन २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातूनही शंभर मेगापिक्सेलची प्रत जोडता येते. (काही कातळशिल्पं एवढी मोठी आहेत की ड्रोनशिवाय चौकटीत मावत नाहीत, तिथे कुठलाच मोठा सेन्सर उपयोगाचा नाही.) असं काम कुणी पैसे देऊन मागितलं, की कॅमेऱ्याचं भाडं बिलात वेगळं लावायचं. वर्षभर ती भाड्याची बिलं जपून ठेवा. त्यांची बेरीज कर्जाच्या वर्षभराच्या हप्त्यांइतकी भरली तर मला पुन्हा लिहा, मग कुठलं मॉडेल घ्यायचं ते बोलू.