कोब्राच्या किटमध्ये शेवरलेचं इंजिन बसवणं चुकीचं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत राहता, कोब्राच्या, म्हणजे १९६० च्या दशकातल्या त्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या, रेप्लिकाचं घरी जोडायचं किट घ्यायचं नक्की केलंय, मित्राकडे शेवरलेच्या पिकअपमधलं ५.३ लिटरचं एलएस जातीचं इंजिन जवळजवळ फुकट मिळतंय, पण ज्याला विचारावं तो म्हणतो की कोब्रात फोर्डच हवं. हे नुसतं कंपनीप्रेम आहे की त्यामागं खरंच काही कारण आहे?

दोन्ही आहे. पण लोक जे कारण देतात ते अर्धवट असतं, आणि जे खरं कारण आहे ते फारसं कोणी सांगत नाही. मी डेट्रॉइटजवळ राहतो. असंच एक किट घरच्या गॅरेजमध्ये दोन वर्षांच्या शनिवार-रविवारी मिळून उभं केलंय. त्यात १९९१ च्या फोर्ड मस्टँगमधलं ३०२ घनइंचांचं, म्हणजे ५ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन आहे. त्यामुळे हे सगळं हाताला ग्रीस लागल्यावर समजलेलं आहे.

आधी 'कोब्राच्या रक्तातच फोर्ड आहे' हे वाक्य तपासू. कोब्रा मूळची इंग्लंडची. थेम्स डिटनच्या एसी कार्सची 'एस' नावाची छोटी उघडी गाडी होती. तिच्यात आधी एसीचं स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. मग ब्रिस्टलचं आलं, ज्याची मूळ आखणी युद्धाआधीच्या बीएमडब्ल्यू ३२८ ची होती. आणि शेवटी फोर्ड झेफिरचं २.६ लिटर. ब्रिस्टलची इंजिनं मिळणं बंद होणार असं दिसल्यावर १९६१ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने एसीला पत्र लिहून विचारलं, या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवता येईल का? एसी तयार झाली. मग इंजिन मागायला शेल्बी आधी शेवरलेच्याच दारात गेला! कॉर्व्हेट या आपल्याच स्पोर्ट्स कारला आपणच प्रतिस्पर्धी कशाला उभा करायचा म्हणून शेवरलेने नकार दिला, आणि तेव्हा तो फोर्डकडे वळला.

फोर्डकडे तेव्हा नेमकं हवं तसं इंजिन होतं. पातळ भिंतीचं ओतकाम साधून त्यांनी २२१ घनइंचांचं छोटं व्ही-८ काढलं होतं, आणि लगोलग त्याचंच २६० घनइंचांचं रूप आलं. ओतीव लोखंडाचं असूनही ते इतकं हलकं आणि आटोपशीर होतं की सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी आखलेल्या गाडीत मावलं. १९६२ च्या फेब्रुवारीत पहिली कोब्रा चालती झाली. पुढे २८९ आलं, मग चॅसिस बदलून अजस्र ४२७. आणि '४२७' म्हणून विकल्या गेलेल्या काही गाड्यांत तर ४२८ बसवलेलं होतं, जे वेगळं इंजिन आहे. म्हणजे खुद्द कोब्रा बनवणाऱ्यांनीही जे मिळालं, मावलं आणि परवडलं ते बसवलं. शेवरलेने तेव्हा हो म्हटलं असतं, तर आज हीच मंडळी तुम्हाला 'कोब्रात शेवरलेच हवं' म्हणून बजावत असती.

तरी कंपनीप्रेम म्हणजे खुळचटपणा, असं मी म्हणणार नाही. मी इथं आलो तेव्हा मलाही ते विचित्र वाटायचं. इथल्या घराघरांत आजोबा, वडील, मुलगा एकाच कंपनीच्या कारखान्यात राबलेत. घराचं कर्ज, आईचं ऑपरेशन, मुलांची कॉलेजं त्या पगारातून झालीत. २००६ साली फोर्डने डिअरबॉर्नच्या ट्रक कारखान्यात नियम केला की दुसऱ्या कंपनीची गाडी आणणाऱ्या कामगाराने ती रस्त्यापलीकडे लावायची. बाहेरच्या माणसाला हे टोकाचं वाटतं, पण इथं गाडीवरचा बिल्ला म्हणजे कोणाच्या चुलीवर कोणाचं अन्न शिजतं त्याची खूण आहे. तेव्हा तुमच्या कोब्राचं बॉनेट उघडून कोणी तोंड फिरवलं तर राग मानू नका. फक्त त्याच्या सांगण्यावरून इंजिन ठरवू नका.

मग ठरवायचं कशावरून? माझं उत्तर माझ्या लहानपणातून येतं. बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात रिबोअरिंगचं वर्कशॉप होतं. पेट्रोल परवडेना म्हणून अँबॅसडरमधलं इंजिन उतरवून मॅटॅडोरचं डिझेल बसवून घेणारी गिऱ्हाइकं तेव्हा नेहमी यायची. कोणाला कंपनीचं सोयरसुतक नव्हतं. पण आमचे मेस्त्री नवं इंजिन बघायला गेले की हॉर्सपॉवर विचारायचे नाहीत. खाली वाकून आधी ऑइलचं चेंबर बघायचे, ते पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे चॅसिसच्या आडव्या पट्टीवर, टेकेल का ते. मग सायलेन्सरचा पाइप कुठल्या बाजूने उतरतो, आणि तो स्टिअरिंगच्या दांड्याला भिडतो का. सुतळीने माप घ्यायचे, गाठ मारायचे आणि गाठ गाडीशी लावून बघायचे. गाठ बसली तर इंजिन घ्यायचं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या गाठीत आहे.

कोब्राच्या चॅसिसमध्ये इंजिन बरंच मागे सरकवलेलं असतं. त्याच्या दोन्ही अंगांना पाय ठेवायच्या पत्र्याच्या पेट्या येतात. डावीकडच्या पेटीत क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असे तिन्ही पॅडल कोंबलेले, आणि तिच्या अंगाने स्टिअरिंगचा दांडा खाली उतरतो. कोब्राचे ते बाजूने जाणारे पाइप पुढच्या चाकामागे बॉडीला पाडलेल्या भोकातून बाहेर येतात. ती भोकं किट बनवणाऱ्याने फोर्डच्या हेडवरची एक्झॉस्टची तोंडं जिथं येतात त्या हिशोबाने पाडलेली असतात. एलएसची तोंडं वेगळ्या अंतरावर, वेगळ्या उंचीवर. म्हणजे हेडर (हेडपासून एक्झॉस्ट बाहेर नेणारे पाइप) नव्याने बनवून घ्यायचे, आणि तेही स्टिअरिंगच्या दांड्याला चुकवून. माझ्या गाडीत सगळं फोर्डचं असूनही डावीकडच्या तिसऱ्या पाइपात आणि दांड्यात माझी करंगळी जेमतेम जाते.

त्यात तुमचं इंजिन पिकअपचं. त्याचं इनटेक (इंजिनात हवा नेणारा वरचा भाग) उंच असतं, ते कोब्राच्या बुटक्या बॉनेटखाली राहणार नाही. चेंबर खोल असतं, ते स्पीडब्रेकरला घासेल. दोन्ही बदलावी लागतील. पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर वगैरे लवाजमाही पुढे बराच आलेला असतो. शिवाय माउंटिंग, बेलहाउसिंग, क्लच, वायरिंग, कॉम्प्युटर. फुकट मिळालेलं इंजिन अशा वेळी सगळ्यात महाग पडतं, आणि पैशांपेक्षा वेळ जास्त खातं. किटच्या गाड्या अर्ध्यावर सोडून विकायला निघतात त्या मी जवळून पाहिल्यात. बहुतेकांचं घोडं अशाच एखाद्या न बसणाऱ्या भागापाशी अडलेलं असतं.

एलएस वाईट आहे असं कृपया समजू नका. उलट, आकाराच्या मानाने इतकी ताकद देणारी आणि भंगारात इतकी सहज मिळणारी इंजिनं थोडीच. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह चालवणारा दांडा) ब्लॉकमध्ये असल्याने हेड आटोपशीर राहतात. हेडमध्येच चार कॅम असलेलं नवं कोयोटी इंजिन फोर्डचंच असूनही जुन्या ३०२ पेक्षा इतकं रुंद आहे की कोब्रात ते बसवताना पेट्यांची जागा आक्रसते. म्हणजे बिल्ला एक, पण गाठ बसत नाही. मॅसॅच्युसेट्सची फॅक्टरी फाइव्ह ही किटवाली कंपनी बघा: तिच्या कोब्राची आखणी मस्टँगच्या भागांवर, जीटीएम या दुसऱ्या किटची कॉर्व्हेटच्या, आणि ८१८ या तिसऱ्या किटची सुबारूच्या. ८१८ हे नावसुद्धा ठरवलेल्या वजनावरून, किलोमध्ये. एकाच छपराखाली तीन कंपन्यांची इंजिनं, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी चपखल. कारण चॅसिसची पहिली रेघ ओढली गेली तेव्हाच इंजिन ठरलेलं होतं.

आता एक माझ्यावर गुदरलेलं सांगतो, कारण 'फोर्ड घेतलं की प्रश्न मिटला' असं तुम्हाला वाटायला नको.

माझं इंजिन अपघातात गेलेल्या गाडीतलं. त्याचं फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाला बसणारं जड चाक) उष्णतेने तडकलेलं होतं. जुने भाग विकणाऱ्या एका दुकानात दुसरं मागितलं. काउंटरवरचा म्हणाला, छोट्या फोर्ड व्ही-८ ची सगळी सारखीच असतात. बोल्टची भोकं जुळली, दातेही जुळले. मी घातलं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, बायको-मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ॲक्सिलरेटर दाबला तशी गाडी थरथरायला लागली. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर आरशातलं घर विरघळल्यासारखं दिसत होतं. मी महिनाभर कार्बोरेटर, प्लग, माउंटिंगची रबरं, सगळं उसकून बघितलं.

समोरच्या घरातले आजोबा जनरल मोटर्समधून, म्हणजे शेवरलेच्या मालक कंपनीतून, निवृत्त झालेले. त्यांच्या दारात शेवरलेशिवाय गाडी लागलेली मी पाहिलेली नाही. ते एका संध्याकाळी रस्ता ओलांडून आले, फेंडरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, सिलिंडर चुकत असता तर मध्ये खंड पडला असता, हे नुसतं चढत जातंय. क्लच दाबायला लावला. थरथर तशीच. म्हणजे गिअरबॉक्स सुटला, क्लचप्लेट सुटली. उरलं क्रँक आणि त्याला जखडलेलं लोखंड.

गिअरबॉक्स उतरवला. तडकलेलं जुनं फ्लायव्हील मी सुदैवाने फेकलं नव्हतं. दोन्ही बाकावर पालथी घालून शेजारी ठेवली आणि बल्ब जवळ आणला. जुन्यावर कडेला ओतीव लोखंडाचा जाड गड्डा होता, आणलेल्यावर त्याच्या निम्म्यानेही नाही. गोष्ट अशी आहे: फोर्डच्या या इंजिनाचा तोल क्रँकमध्येच पुरा केलेला नाही. थोडं वजन बाहेर, पुढच्या पुलीवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर ठेवलेलं असतं. आधीच्या ३०२ ला ते २८ औंस-इंच, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५०. नाव तेच, ब्लॉक दिसायला तोच, पण भागांची सरमिसळ झाली की क्रँकच्या बेअरिंगांची वाट लागते. मला वेळेवर कळलं. ५० चं फ्लायव्हील घातलं, आणि आजोबांनी बॉनेटवर कॉफीचा कप ठेवून स्वतः ३००० फेऱ्यांपर्यंत नेलं. कॉफी हलली, सांडली नाही. जन्मभर शेवरलेची कास धरलेल्या माणसाने माझं फोर्ड दुरुस्त करून दिलं. मला कंपनीप्रेमाबद्दल आदर वाटतो तो अशा माणसांमुळे. त्यांनी एकाच जातीच्या यंत्रावर जन्म काढलाय, म्हणून त्यांचा हात फेंडरवर टेकला की इंजिन बोलतं.

तर माझा सल्ला. तुमचं हे पहिलंच किट असेल आणि किटवाल्याची आखणी फोर्डवर असेल, तर ३०२ घ्या, टी-५ गिअरबॉक्ससकट एकाच गाडीतून उतरवलेलं, म्हणजे सरमिसळ होत नाही. कारखान्यातून निघताना २२५ हॉर्सपॉवर असलेलं इंजिन टनाच्या आसपास वजनाच्या गाडीत पुरून उरतं. फोर्डच्याच मोठ्या ३५१ विंडसर इंजिनाची ताकद मोहात पाडते, पण त्याचा ब्लॉक उंच असतो. त्यामुळे हेडर आणि इनटेक दोन्ही बदलतात. किटवाला स्वतः एलएससाठी माउंटिंग आणि हेडर विकत असेल, तर मात्र मित्राचं इंजिन खुशाल घ्या आणि कोणाची भीड बाळगू नका.

विकायची वेळ आली तर फोर्डवाली कोब्रा लवकर खपते, हे खरं आहे. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले लोक बॉनेट उघडायला लावतात आणि आत शेवरले दिसलं की पुढच्या गाडीकडे वळतात. पण तुम्ही विकण्यासाठी बनवत नसाल तर ही गोष्ट फार मनावर घेऊ नका.

नोंदणीचं काम राज्याराज्यात वेगळं आहे, आणि तुम्ही राज्य लिहिलेलं नाही. कॅलिफोर्नियात असाल तर दरवर्षी पहिल्या ५०० घरी बनवलेल्या गाड्यांना धुराच्या तपासणीसाठी बॉडी ज्या वर्षाच्या गाडीसारखी दिसते ते वर्ष किंवा इंजिनाचं वर्ष निवडता येतं. तिथं कोब्राचं १९६५ चं रूप तुमच्या कामी येईल, मग आत कुठलंही इंजिन असो.

मित्राला पैसे देण्याआधी किटवाल्याला फोन करून एवढंच विचारा: या चॅसिसला एलएस बसवताना डाव्या बाजूचा हेडर कुठला लागतो, त्याचा पार्ट नंबर द्या. नंबर मिळाला तर खाली लिहा, गिअरबॉक्स आणि क्लच कुठला जुळेल ते मी सांगतो. 'बनवून घ्यावा लागेल' असं उत्तर आलं, तर ५.३ मित्राकडेच राहू द्या आणि एखादी ठोकलेली मस्टँग शोधायला लागा.